शून्याचा रकाना: मेयोतले सहा दिवस

ताईनं फोनवर आधीच बजावलं होतं. "येताना कांदा-लसूण चटणी आण, मेतकूट आण, आणि इथं कुणाला त्या शापाबद्दल विचारू नकोस." चटणी आणि मेतकूट बॅगेत गेलं. शापाचं काय ते मला माहीतच नव्हतं, म्हणून विमानात बसायच्या आधी वाचून काढलं, आणि तीच चूक झाली.

माझी ही मावसबहीण आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाच्या काउंटीत नर्स आहे. दाजी औषधं बनवणाऱ्या कारखान्यात, आणि तेरा वर्षांचा भाचा सगळीकडे. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस सहा दिवस त्यांच्याकडं काढले. जायचं कारण डोंगर, समुद्र आणि ताईच्या हातचं जेवण. परत आलो तो एका फुटबॉल संघाची दुखणी तोंडपाठ करून.

पहिला दिवस: डब्लिन ते कॅसलबार

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून वेस्टपोर्टची गाडी पकडली. शॅनन नदी ओलांडली की शेतांचे तुकडे लहान होत जातात, बांधांच्या जागी रचलेल्या दगडांच्या भिंती येतात आणि मेंढ्या माणसांपेक्षा जास्त दिसायला लागतात. कॅसलबारच्या अलीकडं मनुला जंक्शन लागतं. या स्टेशनात बाहेरून यायला वाट नाही. गाडी बदलायची आणि निघायचं, एवढ्यासाठीच ते बांधलेलं. उतरलेली चार माणसं माळावर पावसात उभी होती, फॉक्सफर्ड-बॅलिनाच्या गाडीची वाट बघत.

मेयोच्या फुटबॉल संघाचा मोसम संपून तीन महिने झाले होते, तरी गावाबाहेरच्या खांबांवर हिरवे-लाल झेंडे होते. रंग उडालेले, कडा फाटलेल्या. "काढत नाहीत का?" मी दाजींना विचारलं. "कोण काढणार? ज्यानं काढला त्यानं आशा सोडली म्हणतील."

संध्याकाळी भाच्यानं परसात मला खेळ शिकवला. गेलिक फुटबॉलमध्ये दोन्हीकडं पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांच्या आत तो आपटायचा नाहीतर पायावर टाकून परत हातात घ्यायचा. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारून दांडीवरून घातला तर दोन. धावफलकावर गोल आणि गुण वेगळे लिहितात. १-१६ म्हणजे एक गोल, सोळा गुण, एकूण एकोणीस. "मामा, पहिला आकडा बघायचा," भाचा म्हणाला. तेव्हा मी ते सोडून दिलं.

(सूचना: शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा काढावा लागतो. आणि तूप, पेढे, खवा नेऊ नका, दुधाचे पदार्थ विमानतळावर अडवतात. चटणीला कुणी हात लावला नाही.)

दुसरा दिवस: कॅसलबार

शनिवार. सकाळी स्वयंपाकघरात मिडवेस्ट रेडिओ लावलेला. बातम्या झाल्या, गाणं झालं, आणि मग निवेदिका शांतपणे कालपासून वारलेल्या माणसांची नावं, गावं आणि अंत्यविधीच्या वेळा वाचू लागली. ताई चहा गाळता गाळता ऐकत होती. "ओळखीचं कोणी असलं तर जावं लागतं," म्हणाली. चहा मात्र आपल्यासारखा, कडक आणि दुधाचा. या एका बाबतीत आयरिश माणूस आपला सख्खा भाऊ.

दुपारी मॅकहेल पार्क बघितलं. कॅसलबारची वस्ती तेरा हजार, आणि मैदानात पंचवीस हजार माणूस मावतं. हे गणित कोल्हापूरकराला नवं नाही. शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच असली की आमच्याकडंही अर्धं शहर दुकानाला कुलूप लावतं. मी पेठेतला. आमच्या कट्ट्यावर फुटबॉलची चर्चा म्हणजे आरडाओरडा, आईबहीण आणि शेवटी मिसळ. मेयोत तसंच असेल अशी माझी कल्पना.

रात्री दाजी मला त्यांच्या नेहमीच्या पबमध्ये घेऊन गेले. कोपऱ्यात शेगडी, तिच्याभोवती ठरलेली मंडळी: निवृत्त पोस्टमन, मेंढ्या पाळणारा एक शेतकरी, गणित शिकवणाऱ्या एक बाई आणि मधूनमधून येऊन पाचर मारणारा पबमालक. दाजींनी ओळख करून दिली, "हा मेहुणा, हाही फुटबॉलवेडा." मी बसलो आणि पहिल्या पाच मिनिटांत घाण केली. शापाबद्दल विचारलं.

कुणी चिडलं नाही. पोस्टमननी पाठ केल्यासारखं सांगितलं. १९५१ ला मेयोनं ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधली देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. परत येताना फॉक्सफर्डात अंत्ययात्रा चालली होती, खेळाडूंची गाडी न थांबता पुढं गेली, आणि पाद्री म्हणे म्हणाला, या संघातला एक जरी माणूस जिवंत असेपर्यंत तुम्ही पुन्हा जिंकणार नाही. त्यानंतर मेयो अकरा वेळा अंतिम फेरीत गेला आणि अकराही वेळा हरला. १९५१ च्या संघातले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वारले, अकरावी फायनल हरल्यावर दोनच आठवड्यांनी. "आता चार वर्षं झाली," शेतकरी म्हणाला. "शाप फिटला. मग यंदा काय झालं?"

"शाप टीव्हीवाल्यांसाठी आहे," बाई म्हणाल्या. "त्यांना पंधरा सेकंदांत सांगता येतो. आमची फॉरवर्ड लाइन पंधरा सेकंदांत सांगता येत नाही."

मग पोस्टमननी ग्लासाखालचा पुठ्ठा उलटा केला, खिशातून पेन काढलं आणि चार फायनलींतल्या मेयोच्या आकड्यांच्या चार ओळी लिहिल्या.

२०१२: ०-१३
२०१६: ०-१५
२०२०: ०-१५
२०२१: ०-१५

"डनिगॉल, डब्लिन, डब्लिन, टिरोन. चारही वेळा त्यांचे दोन गोल. आमचा पहिला रकाना बघ."

मी बघितला. चार शून्यं, एकाखाली एक. २०२० आणि २०२१ चा निकाल तर अक्षरशः तोच, २-१४ विरुद्ध ०-१५. आणि २०१६ चे ते दोन गोल डब्लिननं मारलेच नव्हते. मेयोच्याच पोरांच्या अंगाला लागून चेंडू आपल्याच जाळीत गेला होता, एकदा नाही, दोनदा. तो सामना बरोबरीत सुटला आणि पुन्हा खेळवावा लागला. पोस्टमनचं म्हणणं सरळ होतं. मेयो धावतो, भिडतो, दांडीवरून गुण जमवत राहतो, पण गोलासमोर आला की चेंडू वर उचलतो. तीन घ्यायच्या जागी एक घेतो. "तीस वर्षं पत्रं वाटली मी. दारापर्यंत जाऊन पत्र कुंपणावर ठेवून आलो नाही कधी."

बाईंना हे मान्य नव्हतं. गणिताच्या बाई, त्यांनी पुठ्ठा ओढून घेतला आणि खाली तीन ओळी घातल्या: २०१३, २०१६ चा फेरसामना, २०१७. तिन्ही वेळा मेयोचा एक गोल, आणि तिन्ही वेळा डब्लिनकडून एका गुणानं हार. "गोल होता. काय उपयोग झाला?"

"त्यातले दोन गोल कुणाचे?"

बाई गप्प. २०१६ आणि २०१७ चे दोन्ही गोल ली कीगनचे, आणि कीगन बचाव फळीतला. समोरच्याचा सगळ्यात धोक्याचा माणूस अडवायचा, आणि वेळ मिळाला तर पुढं जाऊन गोलही करायचा. फॉरवर्ड लाइनचं दुखणं बचावातल्या माणसानं झाकलं, असं पोस्टमनना म्हणायचं होतं. २०१३ चा गोल अँडी मोरनचा. तो खरा फॉरवर्ड. आता तोच संघाचा नवा मॅनेजर, त्यामुळं त्याच्या नावाशी सगळे जरा थांबले.

मग यंदाचा जून निघाला. मे महिन्यात मेयो घरच्या मैदानावर, म्हणजे इथंच, कॅव्हनकडून हरला होता. पुढं टिरोनला त्यांच्या घरात जाऊन हरवलं. मॅनेजर केव्हिन मॅकस्टे आजारी पडले, सूत्रं स्टीफन रॉचफर्डकडं आली. गटातला शेवटचा सामना रॉसकॉमनला डनिगॉलशी, बरोबरी झाली असती तरी मेयो पुढं गेला असता. अगदी शेवटी डनिगॉलच्या कियरन मूरनं गुण मारला. ०-१९ विरुद्ध १-१५. "एकोणीस आणि अठरा," बाई म्हणाल्या, आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "या वेळी शून्य त्यांच्याकडं होतं, पोस्टमनसाहेब."

पोस्टमननी एक घोट घेतला. "म्हणून ती हार मी या यादीत लिहीत नाही."

माझ्या कट्ट्याच्या अनुभवातून मी आवाज चढायची वाट बघत होतो. चढला नाही. उलट एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. फायनल खेळून निवृत्त झालेल्यांची नावं ही मंडळी मोठ्यानं घेत, आताच्या पोरांची घेताना आवाज खाली जाई. नाव टाळून "तो तळ्यापलीकडचा", "डेअरीवाल्याचा धाकटा". मध्येच दार उघडलं, एक माणूस आत आला, आणि डाव्या बाजूच्या फॉरवर्डची चाललेली चिरफाड एका दमात मुरघासाच्या गठ्ठ्यांवर गेली. यंदा मुरघास कसा, पाऊस किती. तो माणूस पेला घेऊन पलीकडं बसल्यावर दाजी कानाशी म्हणाले, "पोराचा काका."

हे खेळाडू पैसे घेत नाहीत, हे मी वाचलं होतं. त्याचा अर्थ त्या मुरघासात कळला. गेलिक खेळात पैसे देऊन खेळाडू पळवणं, लिलाव काही नाही. ज्या गावच्या क्लबात वाढलास, त्याच काउंटीसाठी खेळायचं. आमच्या पेठांच्या टीमा आता पार नायजेरियातनं खेळाडू आणतात, आणि त्यांना शिव्या घालणं सोपं असतं, कारण त्यांची आई पुढच्या रांगेत बसलेली नसते. मेयोत स्ट्रायकर विकत आणता येत नाही. एक लाख अडतीस हजार वस्तीतून जो जन्माला येईल तो. डब्लिन काउंटीत साडेचौदा लाख माणूस आहे.

"त्यातलाही चांगला निघाला की ऑस्ट्रेलिया नेते," शेतकरी म्हणाला. ओशीन मलिन दोन वर्षं लागोपाठ देशातला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला आणि जीलाँगच्या क्लबात गेला. तिकडच्या फुटबॉलमध्ये पगार मिळतो. शेतकऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याची स्वतःची दोन पोरं पर्थला आहेत.

मेयोच्याच एडन ओशेला गोलासमोर उभं करावं की मधल्या फळीत, हा वाद निघाला तेव्हा पबमालकानं घंटा वाजवली. हा वाद पंधरा वर्षं चालू आहे आणि रोज घंटेनं संपतो, असं दाजी म्हणाले.

(सूचना: पबमध्ये कुणी तुमच्यासाठी पेला आणला की पुढची फेरी तुमची. चहा पीत असलात तरी सगळ्यांसाठी आणायचं. पहिल्या रात्री मला कुणी सांगितलं नाही. दाजींनी माझ्या नावावर परस्पर भागवलं.)

तिसरा दिवस: क्लबचा सामना

रविवारी जवळच्या एका गावात क्लब चॅम्पियनशिपचा सामना. पाऊस आडवा. निम्मे प्रेक्षक मोटारींत बसून वायपर चालू ठेवून बघत होते आणि गुण मिळाला की हॉर्न वाजवत होते. आम्ही उघड्यावर. क्लबाच्या बायका एका खिडकीतून चहा आणि हॅम सँडविच विकत होत्या. ताईनं डब्यात थालीपीठ आणलं होतं. शेजारच्या आजींनी एक तुकडा चाखला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी दुसरा मागितला.

गोलामागं पांढऱ्या कोटातले पंच. गुण झाला की पांढरं निशाण, गोल झाला की हिरवं, आणि २०२५ पासून दोन गुणांसाठी केशरी. नव्या नियमांनी खेळ बदललाय. पूर्वी सगळा संघ मागं येऊन भिंत बांधायचा. आता तिघांनी पुढच्या अर्ध्यात थांबायलाच लागतं. गोलकीपरची किक कमानीबाहेर गेलीच पाहिजे, त्यामुळं मधल्या फळीत उंच उडी मारून चेंडू झेलणारी माणसं परत महाग झाली. वाऱ्याच्या दिशेनं खेळणारा संघ लांबून केशरी निशाणं जमवत होता. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलली आणि सगळं उलटं झालं. दाजींचं म्हणणं, मेयोला लांबून मारणारे आणखी दोन मिळाले तर शून्याचा रकाना दुखणार नाही. मला पटलं. पोस्टमनना सांगितलं तर पटणार नाही, हेही पटलं.

सहा नंबरच्या पोरानं एक चेंडू असा अडवला की "नाद खुळा!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. शेजारच्या आजींनी अर्थ विचारला. भाच्यानं मेयोच्या हेलात काहीतरी भाषांतर केलं. आजी हसल्या. त्या सहा नंबरच्या आजी होत्या.

भाच्यासारख्या पोरांना इथं जागा आहे का, हे मला बघायचं होतं. दाजींनी शायरोझ अक्रमचं नाव घेतलं. जन्म पाकिस्तानातला, वाढला बॅलहडरीनला, आणि २०१६ ला मेयोच्या एकवीस वर्षांखालच्या विजेत्या संघात खेळला. बॅलहडरीनची आणखी एक गंमत आहे. ते गाव सरकारी नकाशात शेजारच्या रॉसकॉमन काउंटीत, पण फुटबॉल मेयोसाठी खेळतं. नवा मॅनेजर अँडी मोरन त्याच गावचा. म्हणजे मेयोचा तारणहार म्हणून आणलेला माणूस कागदोपत्री रॉसकॉमनचा. हे मोठ्यानं बोलू नये, असं मला सांगण्यात आलं.

(सूचना: सामन्यांची तिकिटं बहुतेक ऑनलाइनच मिळतात. छत्री नेऊ नका, वारा ती घेऊन जातो आणि मागच्यांना दिसतही नाही. टोपीचा रेनकोट न्या. आणि मेयोत नुसतं "फुटबॉल" म्हटलं की हाच खेळ, आपल्याला टीव्हीवर दिसतो तो सॉकर.)

चौथा दिवस: स्ट्रेड आणि फॉक्सफर्ड

सकाळी ताईचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीला आलेला पोरगा पायऱ्या जरा लंगडतच चढला. कालचा सहा नंबर. ताईनं त्याला चहा दिला, मी त्या अडवलेल्या चेंडूचं कौतुक केलं. तो लाजला, म्हणाला, "दुसरा गोल माझ्याच चुकीनं झाला." आणि स्क्रू पिळायला लागला. काल पॅव्हेलियनजवळ चाळीस माणसं त्या गोलाबद्दल बोलत होती. त्यातलं त्याच्या कानावर किती गेलं असेल कोण जाणे. त्यातल्या निम्म्यांचे बॉयलर त्याच्याकडंच असणार.

दुपारी स्ट्रेडला मायकल डेव्हिटचं संग्रहालय बघितलं. १८४६ चा जन्म, चार वर्षांचा असताना जमीनदारानं कुटुंबाला घराबाहेर काढलं. अकराव्या वर्षी इंग्लंडातल्या कापूस गिरणीत उजवा हात गेला. याच माणसानं पुढं कुळांची लँड लीग उभी केली. १८८० मध्ये मेयोतल्या लोकांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या एका कारभाऱ्याशी सगळे व्यवहार तोडले, आणि जगाला बहिष्कारासाठी एक शब्द मिळाला. १८८४ ला गेलिक खेळांची संघटना निघाली, तिच्या पहिल्या आश्रयदात्यांत डेव्हिट होता. १८४१ मध्ये या काउंटीत तीन लाख एकोणनव्वद हजार माणसं होती. दुष्काळ आणि बोटी, दोन्हींनी ती नेली. शेतकऱ्याची पर्थची पोरं मला तिथं आठवली.

फॉक्सफर्ड जवळच. १८९२ मध्ये एका ननबाईंनी काढलेली लोकरीची गिरणी अजून चालू आहे. आईसाठी शाल घेतली. समोरून मॉय नदी वाहते, गुडघाभर पाण्यात माणसं सामन पकडत उभी. ज्या रस्त्यावरून ती १९५१ ची गाडी गेली असं म्हणतात, तिथं उभं राहून फोटो काढावा असं मनात आलं. नाही काढला. गल्ल्यावरच्या बाईंनी माझ्या गळ्यातला हिरवा-लाल मफलर (भाच्याचा) बघून विचारलं, "मोरनचं काय वाटतं?" मी म्हणालो, "बघू या." त्यांनी शालीवर दोन युरो कमी केले.

पाचवा दिवस: वेस्टपोर्ट

क्रो पॅट्रिक चढायचा होता. ७६४ मीटरचा डोंगर, जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक चढतात, काही अनवाणी. आम्ही पायथ्याला पोहोचलो तेव्हा डोंगर दिसतच नव्हता, धुकं गुडघ्यापर्यंत उतरलेलं. परत फिरलो. वेस्टपोर्टला माशांचं दाट सूप आणि सोडा घातलेला तपकिरी पाव खाल्ला, आणि त्यावर दिवस वसूल झाला. या टुमदार गावातल्या कारखान्यात बोटॉक्स बनतं, तरी रस्त्यावरच्या चेहऱ्यांना सुरकुत्या भरपूर. बरं वाटलं.

सहावा दिवस: डब्लिन, क्रोक पार्क

विमान रात्रीचं, म्हणून दुपारी क्रोक पार्कची फेरी केली. ब्याऐंशी हजारांचं मैदान. १९२० च्या नोव्हेंबरात इथं चालू सामन्यात ब्रिटिश फौजेनं गोळीबार केला. चौदा जण मेले, त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन. एका स्टँडला त्याचं नाव आहे. खेळाडूंच्या खोल्या, बोगदा, मग एकदम हिरवळ. त्या अकरा फायनली इथंच झाल्या. मी गोलाचे खांब बघत राहिलो, दांडीच्या खालचा भाग.

फेरीत केरी काउंटीचं एक जोडपं होतं. केरीकडं तेव्हा ऑल-आयर्लंडची एकोणचाळीस विजेतेपदं, शेवटचं त्याच जुलैचं. त्या गृहस्थांनी माझा मफलर बघितला आणि खरोखर मायेनं माझा खांदा थोपटला. "बिचारे. मिळेल हो तुम्हालाही एक दिवस."

मी कोल्हापूरचा, इथं येऊन सहा दिवस झालेले, आणि माझं डोकं फिरलं. म्हणालो, "बिचारे कशाला? २०२१ ला डब्लिनची चॅम्पियनशिपमधली पंचेचाळीस सामन्यांची अपराजित घोडदौड मेयोनं थांबवली. तुम्ही नाही." गृहस्थ चकित. बायको हसायला लागली.

विमानतळावर बॅग देऊन बसलो तेव्हा भाच्याचा निरोप आला. त्या दिवशी त्याच्या शाळेचा सामना होता. मागं बसमधला गोंधळ, पोरं गात होती, म्हणजे जिंकले असं मला वाटलं.

"मामा, हरलो. एका गुणानं. त्यांचे २-४."

"आणि तुमचे?"

बराच वेळ काही आलं नाही. मग नुसते आकडे आले: ०-९.